कर वाचवण्यापुरती परकी

माझ्या भाच्यानं मला पहिल्यांदा ‘मॅडम’ म्हटलं ते नाश्त्याच्या टेबलावर. लोणी माझ्यासमोर होतं, पाव त्याच्यासमोर होता आणि आमचा करसल्लागार दोघांच्या मधोमध बसून, आम्ही पुरेसे परके दिसतो का, ते बघत होता.

“मॅडम, आपल्याला त्रास होणार नसेल तर लोणी इकडे द्याल का?” भाचा म्हणाला.

“हात लांब कर की मेल्या,” मी म्हटलं.

सल्लागारानं कपाळाला हात लावला. “बाई, परकी बाई ‘मेल्या’ म्हणते का? चला, पुन्हा करा.”

आम्ही पुन्हा केलं. तिसऱ्या खेपेला मी “घ्या ना साहेब” म्हणाले, तोवर पाव गार झाला होता आणि माझं डोकं तापलं होतं. सकाळच्या चहाआधी मला कुणी शिकवलेलं सोसत नाही, आणि चहानंतर तर मुळीच नाही.

हे सगळं सुरू कसं झालं ते सांगते. आमचा दारांच्या बिजागऱ्यांचा कारखाना आहे. दादानं तो सुरू केला, त्याचा अर्धा आणि माझा अर्धा. दादा गेला, त्याचा अर्धा त्याच्या मुलाकडे आला. या मुलाला आई अशी फारशी मिळालीच नाही, ती लवकर गेली. त्याचे दुधाचे दात मी काढले आणि शाळेत मारामारी करून आला की रट्टेही मीच घातले. घरात त्याला टिल्लू म्हणतात. आता तो दाराच्या चौकटीत वाकून शिरतो, पण नाव काही उंच झालं नाही.

कारखान्यात काचेची एक खोली आहे. तिथं एक टेबल, पाहुण्यासाठी एक खुर्ची आणि मालकांच्या दोन, एक दादाची, एक माझी. मालकांच्या दोन्ही खुर्च्यांवर माणूस बसल्याशिवाय कुठलाही निर्णय घ्यायचा नाही, ही दादाची पद्धत. माझं खरं काम मात्र मागच्या शेडमध्ये. तिथं नुसत्या दारांची रांग उभी आहे. भिंती नाहीत, खोल्या नाहीत, दार उघडून कुठंही पोचता येत नाही. प्रत्येक लॉटमधल्या बिजागऱ्या त्या दारांना लावायच्या, कामगारांनी दारं उघडायची-मिटायची आणि मी डोळे मिटून ऐकत बसायचं. जरा कुठं करकर झाली की तो अख्खा लॉट परत भट्टीत. त्या शेडमध्ये बोलायला बंदी आहे. शिंक आली तर बाहेर जाऊन शिंकायची.

दादानं आयुष्यात कुणाचं कर्ज घेतलं नाही. आम्हालाही कधी गरज पडली नाही. बिजागऱ्यांचा पत्रा कापणारा आमचा जुना प्रेस हल्ली जरा दमल्यासारखा चालायचा, टिल्लूला नवा हवा होता, पण तो म्हणायचा, “दोन वर्षं साठवू, मग घेऊ.” सगळं ठीक चाललं होतं. आणि अशात तो सल्लागार आला.

बोलताना दर दोन वाक्यांनी त्याच्या तोंडून ‘सवलत’ निघायचं, म्हणून मी त्याचं नावच सवलत ठेवलं. किडकिडीत माणूस, आणि त्याच्याहून जाडजूड त्याची बॅग. काचेच्या खोलीत बसून त्यानं आमचे हिशेब चाळले आणि त्याचा चेहरा पडला.

“कंपनीवर कर्ज किती?”

“काहीच नाही,” टिल्लू छाती फुगवून म्हणाला.

“अजिबात नाही? कधीपासून हे असं चाललंय?”

पोरगं शाळेत जात नाही हे ऐकल्यावर मास्तर विचारतो तसं त्यानं विचारलं. टिल्लूची छाती हळूहळू खाली बसली.

मग सवलतनं आम्हाला समजावलं. कंपनीला नफा झाला की सरकार आधी त्यावर कर घेणार, आणि उरलेल्यातून मालकांना वाटा मिळणार. पण कंपनीनं कर्ज घेतलं असेल तर त्याचं व्याज खर्चात धरतात. ते कराच्या आधीच नफ्यातून वजा होतं. नफा कमी दिसतो, कर कमी पडतो. “म्हणजे मालकाला दिलेल्या पैशावर कर आहे, सावकाराला दिलेल्या पैशावर सवलत,” तो म्हणाला. “आणि तुम्ही दोघं काय करताय? दोघंही मालक! हा शुद्ध अपव्यय आहे.”

“पण आम्हाला कर्ज नकोय,” मी म्हटलं. “पैसे आहेत आमच्याकडे.”

“गरज आहे म्हणून कर्ज कोण घेतं, बाई? ते गरीब लोक.”

“आणि व्याज बँकेच्या घशात घालायचं?”

“छे! व्याज घरातच ठेवायचं.” त्यानं खुर्ची पुढे ओढली. “कंपनीत तुमचं अर्धं भांडवल आहे ना? ते भांडवल नाही असं म्हणायचं. ते कर्ज आहे असं म्हणायचं. तुम्ही कंपनीला दिलेलं. पैसे तेच, बँक तीच, तुम्ही त्याच. दरवर्षी जो वाटा मिळायचा तो व्याज म्हणून मिळेल.”

“मग मला मिळालेल्या व्याजावर कर नाही लागणार?”

“तुमच्या वयाला सवलत आहे,” सवलत आनंदानं म्हणाला.

वय काढलेलं मला आवडलं नाही. पण टिल्लू कागदावर आकडे मांडत होता, आणि त्याचा चेहरा लहानपणी सायकलच्या दुकानासमोर व्हायचा तसा झाला होता. वाचलेल्या करात नवा प्रेस याच वर्षी येत होता. त्या चेहऱ्यापुढे माझं कधीच काही चाललेलं नाही. मी सही केली.

सही वाळायच्या आत सवलतनं माझी खुर्ची उचलली.

“हे काय?” मी विचारलं.

“या खोलीत मालक बसतात. तुम्ही आता मालक नाही, धनको, म्हणजे कर्ज देणाऱ्या. धनको बाहेर बाकावर बसतात.”

टिल्लू म्हणाला, “अहो, राहू द्या ना.” पण ते इतकं हळू म्हणाला की खुर्ची तोवर सामानाच्या खोलीत जाऊन तिच्यावर खोकी चढलीसुद्धा. त्या दिवसापासून मी पत्र्यावाल्याच्या आणि ग्रीसवाल्याच्या मधे बाकावर बसू लागले. काचेतून मला आत टिल्लू एकटा निर्णय घेताना दिसायचा. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. शेडमधलं काम तेवढं माझ्याकडे राहिलं, कारण करारात ‘धनकोस माल तपासण्याचा अधिकार राहील’ असं एक कलम मी भांडून घालून घेतलं.

आणि मग सवलतनं खरी अडचण सांगितली. कर खात्याला घरातली कर्जं माहीत असतात. त्यांना नात्याचं वावडं नाही. पण व्यवहार परक्यासारखा हवा. परका सावकार जसा वागेल तसाच हा वागतो का, हे बघायला अधिकारी येणार. नाही वागला, तर म्हणणार, हे कर्ज नाहीच. मग सगळी सवलत परत, वर दंड. “आणि प्रेसची मागणी तर साहेबांनी नोंदवलीसुद्धा,” त्यानं टिल्लूकडे बोट दाखवलं. “तेव्हा आजपासून सवय करायची. घरीसुद्धा.”

घर आमचं एकच. मी खाली, टिल्लू आणि त्याची बायको वर, स्वयंपाक एक. जेवताना टिल्लू मला विचारायचा, “आपण कुठल्या?” आणि मी सांगायची, “इथलीच, खालच्या मजल्यावरची.” त्याची बायको पहिल्या दिवशी इतकी हसली की तिला ठसका लागला. दुसऱ्या आठवड्यात मात्र तिनं ताट आपटलं. “या घरात मी परकी म्हणून आले,” ती म्हणाली, “आणि आता मीच एकटी नात्यातली उरलेय. दोघांनी मिळून ठरवा, मी कुणाशी ओळख ठेवायची ते.”

परक्या सावकारानं तगाद्याची पत्रं पाठवायला हवीत, म्हणून मी पत्रं लिहू लागले. खरं सांगते, त्यात मला गोडी लागली. ‘आपण आमच्या सौजन्याचा गैरफायदा घेत आहात’ हे वाक्य मी तीनदा खोडून मनासारखं जमवलं. मी ते कोपऱ्यावरच्या पेटीत टाकायची, पोस्टमन ते आमच्याच दारात आणून द्यायचा आणि टिल्लू नाश्त्याला वाचायचा. एकदा त्याच्या घशात पाव अडकला.

“आत्या, ‘दयामाया दाखवली जाणार नाही’ हे जरा जास्त झालं.”

“मॅडम म्हणा. आणि पाणी प्या आधी.”

त्यावर सवलतचा शेरा असा, की पाणी पाजणं नियमात बसत नाही.

करारात शेवटचं कलम होतं: व्याजाचा एक जरी हप्ता चुकला, तरी धनकोनं कारखान्याला कुलूप लावावं. कलम आहे तर कुलूप दिसायला हवं, म्हणून सवलतनं एक अजस्र कुलूप आणून काचेच्या खोलीत खिळ्याला टांगलं. ते उचलायला दोन्ही हात लागायचे. खिळा दोनदा निघून आला.

आणि नेमका एक हप्ता चुकला. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, मोतीबिंदूचं. एरवी ते तासाभराचं काम, पण माझ्या डोळ्यात काहीतरी बिनसलं आणि आठवडाभर दवाखान्यात पडून राहावं लागलं. डोळ्याला पट्टी, मान हलवायची नाही, आणि मला तर दुसऱ्याच्या हातचं काही पटत नाही. टिल्लू सगळा आठवडा खाटेशी स्टूल टाकून बसला. हप्ता त्याच्या डोक्यातून साफ गेला. मीही तगादा लावला नाही. डोळ्याला पट्टी बांधून कोण तगादा लावतं? घरी सोडताना डॉक्टरांनी त्याला बजावलं, महिनाभर यांना जड उचलू देऊ नका. तो मला हातातली पिशवीसुद्धा उचलू देईना. त्या आठवड्यात त्यानं मला एकदाही मॅडम म्हटलं नाही. माझा तो आठवडा फार सुखाचा गेला.

पुढच्याच आठवड्यात कर खात्याच्या अधिकारी आल्या. मध्यमवयीन, शांत बाई. आवाज इतका हळू की समोरच्याला पुढं वाकावं लागे. काचेच्या खोलीत टिल्लू त्याच्या खुर्चीवर, बाई पाहुण्याच्या खुर्चीवर, सवलत भिंतीला टेकून, आणि मी दारात उभी. मला बसायला सांगायची टिल्लूची तीनदा इच्छा झाली आणि तीनदा सवलत खोकला.

बाईंनी माझी पत्रं वाचली. “ही तुम्हीच लिहिलीत?”

“हो.”

“फार कडक आहेत. छान.” त्यांनी पान उलटलं. “हा हप्ता उशिरा आलेला दिसतो. का बरं?”

प्रश्न टिल्लूला होता. दवाखाना म्हटलं की खेळ खलास. परक्या सावकारणीच्या उशाशी कर्जदार आठवडाभर बसत नसतो. टिल्लूनं सवलतकडे बघितलं. सवलतनं ओठांनीच काहीतरी सुचवलं. टिल्लू म्हणाला, “आमचा एक लॉट परत आला होता. गिऱ्हाइकानं पैसे अडवले. बिजागऱ्या... जरा करकरत होत्या.”

मला पुढचं नीट आठवत नाही. मी टेबलावर हात आपटला एवढं खरं, कारण बाईंचं पेन उडालं.

“करकरत होत्या? माझ्या कानाखालून गेलेली बिजागरी करकरत होती? तुझी जीभ कशी नाही झडली रे खोटं बोलताना! माझ्या खाटेशी बसून मोसंबी सोलत होतास आणि म्हणे लॉट परत आला! दादा असता तर तुला त्या मागच्या दारात चिमटवलं असतं!”

सवलत भिंतीला आणखी चिकटला. बाईंनी वाकून पेन उचललं.

“परकं माणूससुद्धा रागावतं,” त्या तितक्याच शांतपणे म्हणाल्या. “ते मी नोंदवणार नाही. माझा प्रश्न साधा आहे. हप्ता चुकला. करारात कुलूप आहे. परक्या सावकारानं कुलूप लावलं असतं. तुम्ही लावलंत?”

“नाही.”

“कुलूप लावायला अजूनही मुदत आहे. आज लावलंत तर मी हे कर्ज मान्य करते.”

सवलतला एकदम तरतरी आली. “लावा बाई! नुसतं लावायचं. सवलत शाबूत, दंड नाही. उद्या-परवा बघू उघडायचं कसं.”

“कामगारांचं काय?” मी विचारलं. “प्रेसचं काय? बंद कारखान्यात नवा प्रेस कशाला हवा?”

“तो प्रश्न वेगळा आहे,” सवलत म्हणाला. “तो कराचा नाही.”

मी टिल्लूकडे बघितलं. तो टेबलाकडे बघत होता. दंडाचा आकडा त्याला पाठ होता, मलाही होता. ‘नको’ म्हटलं तर तेवढे पैसे गेले आणि प्रेसही गेला. ‘हो’ म्हटलं तर पैसे वाचले, आणि दादाच्या दाराला माझ्या हातानं कुलूप. शेवटी टिल्लू वर न बघता म्हणाला, “लावा, मॅडम.”

लागलं मला ते. इतके महिने तो शब्द चेष्टेत ऐकला होता. त्या दिवशी पहिल्यांदा तो मला उद्देशून म्हटल्यासारखा वाटला. ठीक आहे, म्हटलं. परकी तर परकी. मी तरातरा भिंतीपाशी गेले आणि दोन्ही हातांनी खिळ्यावरचं कुलूप ओढलं.

“अगं आत्या!” टिल्लू खुर्ची पाडून उठला. “डॉक्टरांनी जड उचलू नको म्हणून सांगितलंय ना तुला! टाका जाईल डोळ्याचा! दे इकडे ते.”

त्यानं कुलूप माझ्या हातातून हिसकावून घेतलं. “कुठं लावायचंय? मोठ्या दाराला ना? मी लावतो. तू बस.” आणि त्यानं ते खांद्यावर टाकलं, आणि माझ्यासाठी खुर्ची शोधायला इकडे-तिकडे बघू लागला. रिकामी खुर्ची नव्हतीच. तेव्हा त्यानं आपलीच पडलेली खुर्ची पायानं सरळ केली, मला दंडाला धरून दादाच्या जागेवर बसवलं, आणि आपल्याच कारखान्याला कुलूप लावायला निघाला.

अधिकारीबाई त्याच्या पाठीमागून दारापर्यंत गेल्या. काचेतून मी बघत होते. टिल्लूनं आत ओरडून कामगारांना बाहेर यायला सांगितलं. ते आले आणि ओळीनं उभे राहिले. मग त्यानं दार लोटलं. आमचं मोठं दार कितीही जड असलं तरी आवाज करत नाही. त्यानं बाहेरून कडी लावली, कुलूप अडकवलं आणि किल्ली शोधली, हे मला नंतर कळलं. किल्ली माझ्याकडे होती. तो परत आत यायला वळला तर दार कुलूप अडकवून बंद, आणि मी आत.

“आत्या, घाबरू नकोस हं!” तो बाहेरून ओरडला. “मी काढतो तुला!”

कुलूप नुसतं अडकवलं होतं, दाबलं नव्हतं, म्हणून निभावलं. दार उघडलं तेव्हा बाई उंबऱ्यातच उभ्या राहून लिहीत होत्या. लिहून झालं तशी त्यांनी वही मिटली, सवलतकडे बघून मान हलवली आणि चहा न घेता निघून गेल्या.

महिन्याभरानं आदेश आला. सगळी सवलत नामंजूर, कर व्याजासकट भरायचा, वर दंड. प्रेसची मागणी रद्द झाली. आगाऊ दिलेले पैसेही गेले. जुना प्रेस अजून धापा टाकतोच आहे. सवलत म्हणाला, दंड भरायला बँकेचं कर्ज काढू, त्याचं व्याज तरी खर्चात धरता येईल. टिल्लूनं त्याची बॅग उचलून त्याच्या हातात दिली आणि त्याला दारापर्यंत पोचवून आला. परत येताना तो सामानाच्या खोलीत गेला. बराच वेळ खोकी सरकवल्याचा आवाज येत होता. मग तो खुर्ची घेऊन आला, बाहीनं पुसली, टेबलाच्या माझ्या बाजूला ठेवली, आणि आपल्या खुर्चीत बसून आदेश पुन्हा पहिल्यापासून वाचू लागला, मोठ्यानं.

मी मधेच थांबवलं त्याला. “तो परिच्छेद परत वाच.”

“कितव्यांदा, आत्या?”

“वाच म्हणते ना.”

त्यानं घसा साफ केला. “‘सदर रक्कम कर्ज नसून भांडवल आहे. सदर बाई मालक आहेत. सर्व कागदपत्रे तपासून व प्रत्यक्ष पाहणी करूनही, सदर बाई परक्या असल्याचे कोठेही आढळून आले नाही.’”

मागच्या शेडमध्ये कामगार दारं उघडत-मिटत होते, पण काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. टिल्लूनं आदेशावरचा दंडाचा आकडा बोटानं झाकला आणि म्हणाला, “महाग पडलं गं.”

“पडू दे,” मी म्हटलं, आणि कर भरायच्या कागदावर त्याच्या सहीशेजारी माझी सही केली.